दोन्ही संघांनी मैदान सोडले, म्हणून प्रश्न विचारला गेला!

२०२०-२१ ची युएफा चॅम्पियन्स लीग कोणी जिंकली, असे विचारले तर आपली फुटबॉलवेडी पोरे झोपेतही सांगतील: चेल्सी. २९ मे २०२१, पोर्तो, मँचेस्टर सिटीवर १-०, गोल काई हॅव्हर्ट्झचा. पण त्याच हंगामात ८ डिसेंबर २०२० च्या रात्री पॅरिसमध्ये काय घडले, हे किती जणांना आठवते? आमच्या मते त्या हंगामाचा खरा सामना तोच होता.

पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध इस्तंबूल बशाकशेहिर. खेळ सुरू होऊन जेमतेम चौदा मिनिटे झालेली. बशाकशेहिरच्या बाकावरून पंचांच्या निर्णयांवर आरडाओरडा चालला होता. लाल कार्ड कोणाला द्यायचे हे मुख्य पंचाला सांगताना चौथे पंच सेबास्टियन कोल्तेस्कू यांनी रोमानियन भाषेतला ‘नेग्रू’ हा शब्द वापरला. म्हणजे ‘तो काळा’. हा ‘काळा’ म्हणजे सहायक प्रशिक्षक पिएर वेबो, कॅमेरूनचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू.

बाकावर बसलेला राखीव खेळाडू डेम्बा बा पंचासमोर उभा राहिला. गोऱ्या माणसाबद्दल बोलताना तुम्ही ‘हा गोरा’ म्हणत नाही, नुसते ‘हा माणूस’ म्हणता. मग काळ्या माणसाच्या वेळी ‘हा काळा’ का, असा त्याचा सवाल होता. मित्रांनो, समाजशास्त्राची जाडजूड पुस्तके जे सांगायला शंभर पाने घेतात, ते या खेळाडूने एका वाक्यात सांगितले. वर्चस्व असलेल्याला विशेषण लागत नाही. तो थेट ‘माणूस’ असतो. विशेषण इतरांना चिकटवले जाते.

यावर बचाव ठरलेला होता: रोमानियन भाषेत तो साधा रंगवाचक शब्द आहे, हेतू वाईट नव्हता. हा बचाव आपल्या ओळखीचा नाही का? शब्दकोशात जातींची नावेही साधी नामेच असतात. अपमान शब्दकोशात राहत नाही. कोण कोणाला, कुठल्या अधिकाराच्या जागेवरून, कशासाठी त्या नावाने ओळखतो, यात तो राहतो. आणि हेतूची चौकशी नेहमी बोलणाऱ्याच्या सोयीसाठीच का होते? ऐकणाऱ्याला काय सोसावे लागले, याची चौकशी कोण करणार?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वर्णद्वेषाचा विषय निघाला की ‘हे मूठभर प्रेक्षकांचे काम आहे’ असे सांगून फुटबॉलचे कारभारी मोकळे होतात. त्या रात्री कोरोनामुळे स्टेडियम रिकामे होते. प्रेक्षक नव्हतेच! शब्द आला तो नियम राबवणाऱ्याच्या तोंडून. युएफाचा २००९ पासूनचा तीन पायऱ्यांचा नियम आहे: आधी घोषणा, मग खेळ थांबवणे, शेवटी सामना रद्द. पण या तिन्ही पायऱ्यांची किल्ली पंचाच्या खिशात. पंचांच्याच चमूवर आरोप असेल तर पीडिताने दाद कोणाकडे मागायची?

म्हणून खेळाडूंनी दाद मागितली नाही. ते चालू लागले. बशाकशेहिरचे गेले आणि त्यांच्यासोबत पॅरिसचेही गेले. एम्बापे आणि नेमार यांनी या पंचासोबत खेळणार नाही अशी भूमिका घेतली. लक्षात घ्या, पॅरिसचे पुढच्या फेरीतले स्थान तेव्हा पक्के झालेले नव्हते. तरीही ते प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकासाठी बाहेर पडले. वेबो एकटे निघून गेले असते तर ‘चिडखोर प्रशिक्षक’ एवढीच बातमी झाली असती. बावीस जण निघाले, तेव्हा युएफाला पंच बदलावे लागले आणि वेबोंचे लाल कार्ड स्थगित करावे लागले. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ गुडघा टेकून उभे राहिले, उरलेला सामना झाला, पॅरिसने तो ५-१ ने जिंकला.

आणि न्याय? मार्च २०२१ मध्ये युएफाने निकाल दिला. वर्णद्वेषाचे कलम, ज्यात किमान दहा सामन्यांची बंदी आहे, लावलेच नाही. ‘अनुचित वर्तन’ ठरवून कोल्तेस्कूंना हंगामाच्या अखेरीपर्यंत निलंबित केले आणि प्रशिक्षणवर्गाला पाठवले. आम्हाला एका माणसाला फासावर चढवायचे नाही. पण दोष वर्तनाचा ठरला की व्यवस्था सुटते, हे समजून घेतले पाहिजे.

याच युएफाला कडक होता येत नाही, असे कोणी म्हणू नये. १८ एप्रिल २०२१ ला बारा धनाढ्य क्लबांनी वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. युएफाच्या तिजोरीला धक्का बसणार म्हटल्यावर लगेच बंदीच्या धमक्या निघाल्या. चाहतेही रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. मे महिन्यात शरण आलेल्या नऊ क्लबांकडून लिहून घेतले: पुन्हा अशी फूट पाडाल तर १० कोटी युरो दंड. पैशाचा प्रश्न आला की १० कोटी, माणसाच्या प्रतिष्ठेचा आला की प्रशिक्षणवर्ग! आणि अंतिम सामना खेळले कोण? चेल्सी आणि मँचेस्टर सिटी, दोघेही त्या बारांपैकीच.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांचा लढा आणि आपला लढा एकमेकांना ओळखतात, ते तेव्हापासून. म्हणून एम्बापेची जर्सी घालणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे: त्याचे गोल पाहा, पण त्या रात्रीचे त्याचे चालत जाणेही पाहा. वसतिगृहात, वर्गात, कार्यालयात कुणाला नावाऐवजी जातीने ओळखले जाईल, तेव्हा त्याने एकट्याने अर्ज लिहायचा आणि बाकीच्यांनी खेळ चालू ठेवायचा, हे बंद झाले पाहिजे. समितीचा निकाल यायला तीन महिने लागतात आणि तोही असा येतो. खेळ थांबवायला मात्र एक मिनिट पुरते, सोबतचे उठले तर.