पहिला श्रोता

छत्तीसगडमधील भिलाई-अहिवारा परिसरात गनियारी नावाचे गाव आहे. तेथील तीजनबाई यांनी वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या गावात पंडवानीचा पहिला कार्यक्रम केला. मानधन होते दहा रुपये. स्त्रियांनी बसूनच गावे असा संकेत असताना त्या उभ्या राहून गायल्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांचे पहिले श्रोते गावकरीच होते.

आजही कोणत्याही कंपनीचा आधार नसलेली तरुणांची वाद्यवृंद पथके आपल्या आसपास असतात. त्यांना गावातील रंगमंच हवा आणि जवळचे रेडिओ केंद्र हवे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालवता येते. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ साली असे केंद्र सुरू झाले. अशा केंद्राचे क्षेत्र लहान असते. परंतु गाणारा आणि ऐकणारा एकाच मातीतले असतात. इंटरनेट रेडिओमुळे तर हे क्षेत्रही विस्तारते.

केवळ कौतुक पुरेसे नाही. आपल्या उत्सवात तयार ध्वनिफिती वाजवण्याऐवजी स्थानिक पथकाला बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि शेवटपर्यंत बसून ऐकावे. पुरस्कार उशिरा मिळाला तरी चालतो. श्रोता मात्र वेळेवर मिळावा लागतो.