नक्षीदार पानांचा मोह आणि जंगलाची किंमत

ऑर्किड म्हटले की डोळ्यांसमोर फूल येते. ‘पॅफिओपेडिलम’ म्हणजेच स्लीपर ऑर्किडच्या काही जाती मात्र फुलाविनाही कुंडीत उठून दिसतात. त्यांच्या गडद हिरव्या पानांवर फिकट, करड्या-हिरव्या चौकटींची नक्षी असते; काहींच्या पानांची खालची बाजू जांभळी असते. बुटाच्या आकाराचे फूल दीड-दोन महिने टिकते, पाने मात्र बारा महिने दिसतात. त्यामुळे रोपे वाढवणारे आणि त्यांची छायाचित्रे काढणारे अशा दोघांनाही या गटाची भुरळ पडते. मात्र, हे रोप आले कुठून, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

या वनस्पती आशियातील जंगलांत जमिनीलगत, सावलीत, पालापाचोळ्यात किंवा चुनखडीच्या कड्यांवर वाढतात. पानांच्या नक्षीमुळे त्या पाचोळ्यात लपून जातात आणि पाने खाणाऱ्या प्राण्यांपासून वाचतात, असा एक अंदाज आहे. बहुतेक वनस्पतींमध्ये पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींत हरितलवके असतात. यांच्यात ती नसतात. कमी प्रकाशात, सावकाश जगण्याची ही घडण आहे. बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत काही वर्षे जातात. म्हणूनच जंगलातून एकदा उपटलेल्या रोपांची जागा लवकर भरून निघत नाही.

व्हिएतनामचा अनुभव बोलका आहे. नक्षीदार पानांच्या ‘पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स’ या जातीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संग्राहकांच्या मागणीमुळे काही वर्षांतच ती जंगलातून जवळपास नाहीशी झाली. २०१० मध्ये वर्णन झालेल्या ‘पॅफिओपेडिलम कान्ही’ या चिमुकल्या जातीचीही तीच गत झाली. आशियातील उष्ण प्रदेशांतल्या स्लीपर ऑर्किडच्या ९९ टक्के जाती धोक्यात असल्याचे आययूसीएनने २०१५ मध्ये जाहीर केले. हा सगळा गट ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे जंगलातील रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. तरीही चोरटी विक्री चालूच राहते, कारण घेणारे आहेत.

भारतात ईशान्येकडे नक्षीदार पानांची ‘पॅफिओपेडिलम व्हेनुस्टम’ आढळते. दक्षिणेत अगस्त्यमलाईच्या डोंगरांत ‘ड्रुरी’ ही साध्या पानांची जात जेमतेम तग धरून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ही ऑर्किडे जंगलातून काढण्यास बंदी आहे, तर त्यांच्या लागवडीला आणि विक्रीला परवाना लागतो. त्यामुळे खरेदी परवानाधारकाकडूनच आणि बिल घेऊनच करावी. रोप पाहूनही पुष्कळ काही कळते. पाने किडींनी कुरतडलेली, मुळे तुटलेली आणि प्रत्येक रोप वेगळ्या वयाचे असेल तर शंका घ्यावी. रोपवाटिकेतील रोपे स्वच्छ आणि साधारण सारख्या आकाराची असतात.

कायदेशीर रोपे मिळणे अशक्य नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात ते बुरशीच्या मदतीने रुजते. साखर आणि क्षार मिसळलेल्या अगारवर ते बुरशीविनाही रुजवता येते, हे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. आजची बाटलीतील रोपे त्याच मार्गाने येतात. ती महाग वाटली तरी त्या किमतीत कोणाची तरी काही वर्षांची मेहनत असते.

घरी वाढवताना पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी बरी. थेट ऊन लागले की पाने करपतात. नक्षीदार पानांच्या बहुतेक जातींना उबदार हवा मानवते, त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या घरांत त्या जमू शकतात. कडक उन्हाळ्यात मात्र हवेत ओलावा राखावा लागतो. यांना पाणी साठवणारे कंद नसतात. झाडाच्या सालीच्या तुकड्यांचे मिश्रण ओलसर राहावे, पण पाणी तुंबू नये. पानांच्या मधोमध पाणी साचले की रोप कुजते. खत अगदी पातळ द्यावे.

छायाचित्रासाठी फ्लॅश टाळावा. पानांवर चमक येते आणि नक्षी पुसट होते. खिडकीतून बाजूने येणारा मऊ प्रकाश आणि मागे गडद कापड एवढ्यावर काम भागते. फुलाबरोबर पानाचेही छायाचित्र नावानिशी ठेवले तर पुढे जात ओळखायला मदत होते.

जंगलात काढलेल्या छायाचित्रांबाबत मात्र नियम कडक हवा. ठिकाणाचे नाव, नकाशावरची खूण, ओळखू येईल असा कडा यांतले काहीही जाहीर करू नये. सह्याद्रीत ऑर्किडचे फोटो काढणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. छायाचित्र पाहून शंभर जणांना आनंद होतो. त्या जागेचा पत्ता मिळून एकानेच पिशवी भरली, तरी अनेक वर्षांची वाढ संपते.