कोंबड्याचा जीव, पन्नास रुपये

आमच्या आलापल्लीकडे धान घरात आलं की कोंबडबाजार भरतात. पायाला काती बांधायची, एक कोंबडा पडेपर्यंत पैज. धाड पडतेच, पण जुगारावर. रोकड जप्त, मोटारसायकली जप्त.

कोंबड्याचं काय? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही! एवढ्यात अर्धा किलो चिकन येत नाही.

'परंपरा आहे हो!' असेल. हजारोंची बोली कुठल्या देवाने सांगितली?

कायदा बदलत नाही म्हणावं, तर बैलगाडा शर्यतींसाठी आपल्या विधिमंडळाने २०१७ साली हाच कायदा दुरुस्त केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला. दंडाचा आकडा मात्र तिथेच. शर्यतीमागे मतं आहेत, कोंबड्यामागे कोण आहे?