घड्याळ बघून दिवा लावायचा काय?

वीज आता घड्याळ बघून विकली जाणार आहे. किती वापरली एवढ्यावर भागणार नाही, कधी वापरली तेही बिलात मोजले जाणार आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळून बाकी सर्वांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावावा, असे त्या नियमात लिहिले गेले. स्मार्ट मीटर बसला की हा दर लागू. उन्हाच्या आठ तासांत दर निदान वीस टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-कारखानदारांना निदान वीस टक्के, इतरांना निदान दहा टक्के जास्त, अशी ती आखणी आहे. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत १ जुलै २०२५ पासून जाहीर झाली. सवलतीचा गाजावाजा मोठा झाला. सवलत मिळत असेल तर तिला नको कोण म्हणेल? पण ही सवलत कोणाच्या दारात येते आणि कोणाच्या दारावरून पुढे जाते, हे पाहणे आमचे काम आहे.

सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत आमच्या वस्तीत कोण घरी असते? सफाई कामगार पहाटेच घराबाहेर पडलेला असतो. बांधकामावरचा मजूर नाक्यावर उभा असतो. पोरे शाळेत असतात. घरातली बाई चार घरची धुणीभांडी करत असते. म्हणजे दुपारी स्वस्त विजेवर जे वॉशिंग मशीन फिरते ते मालकिणीचे. ते लावणारा हात मात्र आमच्या बहिणीचा. ती संध्याकाळी स्वतःच्या खोलीत येऊन दिवा लावते, मिक्सर फिरवते, पाणी चढवते, तेव्हा गर्दीची वेळ सुरू झालेली असते. सवलतीच्या वेळी तिचे श्रम वापरले जातात आणि महागाईच्या वेळी तिची वीज वापरली जाते. असा हा हिशेब आहे.

आम्ही विरोधासाठी विरोध करणारे नाही. यामागचे शास्त्र आधी समजून घेतले पाहिजे. वीज ही धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. साठवायची म्हटले तर बॅटरी लागते, धरणात पाणी वर चढवून ठेवावे लागते, आणि दोन्हीला पैसा लागतो. त्यामुळे ज्या क्षणी मागणी त्याच क्षणी निर्मिती, हा विजेचा नियम आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. असे मोजके तास भागवण्यासाठी वर्षभर वीज केंद्रे तयार ठेवावी लागतात आणि त्यांचा खर्च सर्वांच्या बिलात वाटला जातो. आता सौर वीज वाढल्याने दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळला की तुटवडा पडतो. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा भाव ठरतो. दुपारचा भाव कोसळतो, तर टंचाईच्या संध्याकाळी तोच भाव युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने आपला वापर दुपारकडे सरकवावा, हे म्हणणे चुकीचे नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ मध्येही वेळेनुसार वेगळा दर लावण्याची मुभा आहे. उद्योगांना तो महाराष्ट्रात दोन दशकांहून अधिक काळ लागू आहे.

उलट आम्ही असेही म्हणतो, की सरसकट एकच दर हाही काही गरिबाच्या बाजूचा नसतो. संध्याकाळी हजारो वातानुकूलित यंत्रे एकदम सुरू होतात, त्यासाठी महागडी वीज घ्यावी लागते, आणि तो खर्च एका पंख्यावर झोपणाऱ्याच्या बिलातही येतो. गर्दी ज्यांच्यामुळे होते त्यांच्याकडून गर्दीचा दर घेतला तर तो न्यायच होईल. प्रश्न तत्त्वाचा नाही. ते तत्त्व कोणाच्या खिशाला लावले जाते, हा प्रश्न आहे.

कारण वापर सरकवायला आधी सरकवण्यासारखा वापर असावा लागतो. गिझर, वातानुकूलन, कपडे धुण्याचे यंत्र, मोटारीचे चार्जिंग हे दोन तास पुढेमागे करता येते. दिवा करता येत नाही. पत्र्याखालच्या खोलीतला रात्रीचा पंखा करता येत नाही. दहावीच्या पोरीचा अभ्यास दुपारी दोन वाजता उरकून घे असे सांगता येत नाही, कारण त्या वेळी ती शाळेत आहे. साधा हिशेब करून पाहू. एका कुटुंबाचा महिन्याचा वापर ९० युनिट धरा. त्यातले दिवसाच्या वेळेत फार तर २० युनिट पडतील. ८० पैशांनी सवलत झाली १६ रुपये. दुसरीकडे ६०० युनिट वापरणाऱ्या बंगल्याने २०० युनिट दुपारी नेले तर रुपयाच्या दराने २०० रुपये सुटले. ज्याच्याकडे जास्त आहे त्याला जास्त सवलत. आणि उद्या नियमाप्रमाणे संध्याकाळचा जादा दर घरगुती ग्राहकाला लागला, तर बंगला आपला वापर हलवील, खोलीला तो हलवता येणार नाही. शेती सोडली तर या केंद्रीय नियमात कोणाला सूट नाही. महिन्याला ३० युनिट जाळणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या घराचाही त्यात अपवाद नाही.

आणखी एक गोष्ट कचेरीत बसून नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबे भाड्याने राहतात. मीटर घरमालकाच्या नावावर. एका मीटरवर चार खोल्या. चौघांचा वापर एकत्र झाला की १०० युनिटांचा टप्पा ओलांडून बिल वरच्या दरात जाते आणि मालक सबमीटर बघून ठोकळ भावाने पैसे घेतो. दुपारची सवलत आली तर ती मालकाच्या बिलात येईल. संध्याकाळचा भार मात्र भाडेकरूवर टाकला जाईल. ज्याच्या नावावर मीटर नाही, त्याला 'ग्राहक' म्हणून कोण ओळखते?

मागणी कमी करून वीज व्यवस्था सावरणे ही काही परदेशातून आलेली नवी युक्ती नव्हे. आम्ही ती पिढ्यान् पिढ्या भोगली आहे. तिचे नाव भारनियमन. २००५ नंतरच्या टंचाईत महाराष्ट्रात ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, त्या फीडरवर अंधार जास्त, असे सूत्र ठरले. वरवर पाहता हे सूत्र व्यवहारी वाटते. पण त्या फीडरवर दर महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरणारा माणूसही होता. शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा त्यालाही झाली. एकाच्या दोषासाठी सगळ्या वस्तीला दंड, ही रीत आम्हाला नवी नाही. गावगाड्यात ती आम्ही पाहिली आहे. त्याच काळात, २००६ मध्ये, पुण्यात वेगळा प्रयोग झाला. उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवली, शहरातल्या ग्राहकांनी थोडा जादा आकार दिला आणि पुणे भारनियमनातून सुटले. ज्या शहराकडे द्यायला पैसा होता त्याने उजेड विकत घेतला. मराठवाडा-विदर्भातल्या खेड्यांकडे तो पर्याय नव्हता. त्यांचा 'प्रतिसाद' म्हणजे कंदील.

शेतकऱ्याचेही तेच. शहरातली संध्याकाळ उजळ राहावी म्हणून शेतीपंपाला वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्रीची वीज दिली गेली. अंधारात बांधावर पाणी धरायला कोण गेले? मालक असेल तर मालक, पण बहुतेक ठिकाणी सालगडी, म्हणजे आमचाच माणूस. साप, विंचू, थंडी त्याच्या वाट्याला आली. आता सौर वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचे धोरण आले आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण इतकी वर्षे ग्रिडचा भार ज्याने अंगावर घेतला त्याला कोणी त्याचा मोबदला दिला का? कारखान्यांतही असेच आहे. पूर्वी रात्री १० नंतर कारखान्याला स्वस्त वीज होती. दर बदलला की पाळी बदलते, आणि पाळी बदलली की कामगाराची झोप बदलते. सवलत मालकाच्या खात्यात जमा झाली, जागरण कामगाराच्या नावावर पडले. दर ठरवणाऱ्याच्या कागदावर तो फक्त 'भार' असतो. त्या भाराला हातपाय आणि घरदार असते.

बाजाराच्या हाती सगळे सोपवले की काय होते हे अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवून दिले. कडाक्याची थंडी पडली, वीज केंद्रे बंद पडली आणि घाऊक भाव युनिटला नऊ डॉलरच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटला. त्या वेळच्या हिशेबाने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. 'ग्रिडी' नावाच्या कंपनीचे ग्राहक थेट घाऊक भावाने वीज घेत होते. एरवी त्यांना ती स्वस्त पडे. त्या काही दिवसांत मात्र एकेका घराला हजारो डॉलरची बिले आली. पुढच्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे त्या वादळात २४६ माणसे मेली. थंडीत हीटर बंद करा म्हणजे पैसे वाचतील, असे माणसाला सांगता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद करा असेही सांगता येत नाही.

याच जगात दुसरी उदाहरणेही आहेत. फ्रान्समध्ये 'टेंपो' नावाची दरयोजना आहे. वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे, २२ लाल. लाल दिवस महाग, पण तो आदल्या दिवशी कळवला जातो आणि किती दिवस लाल असतील याला मर्यादा आहे. ब्रिटनने २०२२-२३ च्या हिवाळ्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. ठरलेल्या तासाला वापर कमी करणाऱ्याला पैसे दिले, सुरुवातीला वाचवलेल्या युनिटमागे निदान तीन पौंडांची हमी ठेवली. सोळा लाख घरे आणि व्यवसाय त्यात सामील झाले. न वाचवणाऱ्याला दंड नव्हता. एका ठिकाणी भीती दाखवून वापर कमी होतो, दुसऱ्या ठिकाणी मोबदला देऊन. आपण कोणता मार्ग घेणार, हे अजून आपल्या हातात आहे.

या प्रश्नावर आमची भूमिका उसनी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत त्यांनी विजेचा प्रश्न समितीपुढे मांडला तो नफ्यातोट्याच्या भाषेत नव्हे. वीज सरकारी असावी की खासगी, हा वादही त्यांनी शेवटी एकाच कसोटीवर आणला. लोकांना स्वस्त आणि भरपूर वीज कशाने मिळेल? कारण विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून गरिबीच्या चक्रातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी स्पष्टच लिहिले. आज वेळेनुसार दराची चर्चा करणाऱ्या तज्ज्ञांना ही कसोटी ठाऊक आहे का? नसेल तर ती आम्हीच सांगितली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घराला गर्दीचा जादा दर कधीही लागणार नाही, असे नियमातच लिहावे, तोंडी आश्वासन नको. जून २०२४ मध्ये लोकांचा विरोध वाढल्यावर सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारने सांगितले आणि पुढे स्मार्ट मीटर वेगळ्या नावाने, नंतर बिल देणारे म्हणून दारात आलेच. तोंडी आश्वासनाचे आयुष्य किती असते ते आम्हाला कळून चुकले आहे. दुसरे, या लहान ग्राहकांना दुपारच्या सवलतीइतकी रक्कम वेळेची अट न घालता थेट बिलात द्यावी. तिसरे, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस कलम ५६ सांगते. दूरवरून बटण दाबून तोडता येते म्हणून ती नोटीस गाळता कामा नये. चौथे, घरात माणसे कधी असतात आणि कधी नसतात हे स्मार्ट मीटरच्या नोंदीवरून कळते. ती नोंद ग्राहकाच्या संमतीवाचून कोणालाही देऊ नये. पाचवे, भाडेकरूला त्याच्या नावावर मीटर मिळावा, आणि फीडरच्या गळतीची शिक्षा बिल भरणाऱ्याला देऊ नये.

शेवटी दोन शब्द स्वतःलाही. वीज दर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन येतात. शेतकऱ्यांच्या, ग्राहकांच्या संघटना येतात. निळ्या झेंड्याखालचे किती जण येतात? जयंतीच्या रोषणाईला आमच्याकडे वर्गणी जमते, हरकतीचा अर्ज लिहायला माणूस मिळत नाही. आमच्या पोरांत आज इंजिनिअर आहेत, वकील आहेत, वीज कंपन्यांत नोकरी करणारे आहेत. त्यांनी एक रविवार विहारात बसून वस्तीतल्या पन्नास घरांची बिले मांडावीत, कोणत्या वेळी किती वीज लागते याचा तक्ता करावा आणि पुढच्या सुनावणीत तो आयोगापुढे ठेवावा. आमच्या वस्तीची संध्याकाळ कशी असते हे आम्ही सांगितले नाही, तर दुसरे कोणी सांगणार नाही. मग तिचा दर तेच ठरवतील, ज्यांच्या घरी संध्याकाळ कधीच अंधारी नसते.