वर्षभराचे आयुष्य आणि आपली काचेची टाकी

२०२१ साली केंब्रिजच्या अलेक्झांड्रा श्नेल व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अधिक आवडीची जिवंत कोळंबी मिळणार असेल, तर कटलफिश समोरचे खाद्य न खाता ५० ते १३० सेकंद थांबते. 'संयमी, बुद्धिमान जीव' ही बातमी सर्वदूर गेली. या जिवाचे आयुष्य जेमतेम एक ते दोन वर्षांचे असते, हे सत्य मात्र मथळ्यांना रुचत नाही.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या विद्यार्थ्याने परवा विचारले, "दादा, घरच्या टाकीत एक ठेवू का? वर्षभरच तर जगते; जबाबदारीही तेवढीच." या युक्तिवादाचा मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे.

कटलफिश हा मासा नव्हे. तो ऑक्टोपसच्या कुळातला मृदुकाय प्राणी आहे. पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात ते समुद्रफेन म्हणजे त्याचेच अंतर्कवच. हौशी लोक पाळतात त्या लहान जातींचे आयुष्य वर्षभराचे, कधी त्याहूनही कमी. सत्तर वर्षांच्या मानवी आयुष्याच्या मापाने त्यांचा एक महिना म्हणजे जवळपास आपली सहा वर्षे. पाच महिन्यांचा प्राणी विकत घेतला, तर त्याचे जवळजवळ अर्धे आयुष्य दुकानात येण्यापूर्वीच सरलेले असते. नव्या टाकीतले जिवाणू अमोनियाचा निचरा करू लागण्यास अनेक आठवडे लागतात. तेवढी घाई करणाऱ्याने त्याची किती 'वर्षे' विषारी पाण्यात घालवली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

म्हणूनच अल्पायुष्य ही सवलत नव्हे. जेथे काळ थोडा, तेथे चुकीला जागा थोडी.

दुसरा मुद्दा प्रजननाचा. कटलफिश आयुष्याच्या अखेरीस एकाच हंगामात अंडी घालते व मरते. तत्पूर्वी समुद्रातून उचललेला प्राणी म्हणजे त्याची संपूर्ण संतती शून्यावर आणणे. कुणी म्हणेल, कोकणच्या बंदरांवर माकूळ टोपल्या भरभरून उतरते, तेथे एकाचे काय? संख्येच्या दृष्टीने हा आक्षेप खराच आहे. परंतु आपण त्याला घरी आणतो ते त्याच्या बुद्धीच्या कौतुकापोटी. मग त्या बुद्धीला साजेसे जगणे देण्याचे दायित्वही आपलेच ठरते. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे मानवेतर कोणताही सजीव प्राणी. त्यात कणा असण्याची अट नाही.

आणि स्थळाचे भानही हवे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. २०२४ च्या उन्हाळ्यात याच महादेवपुऱ्यात कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली. अशा ठिकाणी शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ कालवून ते वारंवार बदलत राहणे हा निव्वळ खासगी छंद उरत नाही.

तरीही पाळायचेच असेल, तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: याचे वय किती? हा अंड्यातून बंदिवासात वाढवलेला की जाळ्यातून आणलेला? बंदिवासात वाढवणे अशक्य नाही. केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने फेरो कटलफिश अंड्यापासून वाढवली आहे. उत्तर मिळत नसेल, तर खरेदी करू नका.

थोडे थांबून अधिक चांगले निवडणे त्या प्राण्याला जमते. आपल्यालाही जमावे.