पाहुण्यांनी बांधलेली भिंत

अमेरिकेत उन्हाळ्याची सुटी लागली की तेथील चर्चमंडळ्यांमध्ये एक निराळीच लगबग सुरू होते. एकाच रंगाचे सदरे घातलेले पंधरा-वीस जणांचे गट होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिको, केनिया अशा देशांच्या वाटेला लागतात. त्यांत शाळा-कॉलेजांतील मुले असतात, निवृत्त माणसे असतात, क्वचित सबंध कुटुंबेही असतात. आठ-दहा दिवसांचा मुक्काम, एखादी शाळा, घर किंवा प्रार्थनामंदिर बांधण्याचे काम, शेवटी निरोपाचा समारंभ आणि परतीचे विमान, असा हा क्रम ठरलेला असतो. अशा 'अल्पकालीन मिशन'साठी दर वर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्चसदस्य परदेशी जातात, असा अंदाज रॉबर्ट वुथनाव या समाजशास्त्रज्ञाने २००५ मधील पाहणीवरून केला होता. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वतःची सुटी आणि स्वतःचे पैसे खर्चून परक्या गावात घमेली उचलणारा माणूस निदान अप्पलपोटा तरी नसतो. परंतु या व्यवहारात पाहुण्याच्या त्यागाची जेवढी चर्चा होते, तेवढी यजमानाच्या कष्टांची होत नाही.

यजमान म्हणजे बहुधा त्या गावचा पाळक आणि त्याची लहानशी मंडळी. गट येण्यापूर्वी पाया खणून घेणे, वाळू, सिमेंट आणि लोखंड जागेवर आणून टाकणे, विमानतळावर वाहने पाठविणे, पंधरा-वीस माणसांच्या निजण्याची आणि उकळलेल्या पाण्याची सोय करणे, दुभाषा मिळविणे, कोणाचे पोट बिघडले तर डॉक्टर गाठणे, ही सारी कामे त्याच्याच माथी येतात. एरवी आजाऱ्याला भेटणारा, भांडणे मिटविणारा, शाळेकडे लक्ष देणारा हा माणूस त्या आठवड्यात व्यवस्थापक बनतो. गट एकामागून एक येऊ लागले, की त्याचे मूळ काम मागे पडते.

बांधकामाची गोष्टही अशीच आहे. थापी हाती धरणे हे आठवड्यात साधणारे कसब नव्हे. शाळेच्या सहलीबरोबर टांझानियात बांधकामासाठी गेलेल्या एका अमेरिकन तरुणीने २०१४ मध्ये आपला अनुभव प्रांजळपणे लिहिला होता. मुलींनी दिवसभर रचलेल्या विटा तेथील माणसे रात्री उतरवीत आणि पाहुण्यांना कळू नये अशा बेताने भिंत पुन्हा ओळंब्यात उभी करीत. ती सहल चर्चची नव्हती. पण भिंतीला तो फरक कळत नाही. मेक्सिकोतील एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंगविल्याचा किस्साही या वर्तुळात नेहमी सांगितला जातो. हसू आणणाऱ्या या गोष्टींच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. हे सारे दिसत असताना यजमान बोलत का नाही?

त्याचे उत्तर पैशाच्या व्यवहारात दडलेले आहे. छपराचे पैसे गटाबरोबर येतात. गट आला नाही तर छप्परही येत नाही. अशा स्थितीत, यंदा आम्हाला शाळेची भिंत नको, शिक्षकाचा दोन वर्षांचा पगार हवा, असे सांगण्याचे बळ यजमानाजवळ राहत नाही. शिक्षकाच्या पगाराबरोबर छायाचित्र काढता येत नाही, भिंतीबरोबर येते, हेही तो ओळखून असतो. मग गावाची गरज पाहुण्याच्या सवडीप्रमाणे बेतली जाते. नकार देता न येणाऱ्या माणसाच्या होकाराला कितपत संमती म्हणावे, याचा विचार पाहुण्यांनी करावयास हवा.

या खर्चाचा हिशेब मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न होंडुरासमध्ये झाला. ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस आलेल्या 'मिच' चक्रीवादळाने त्या देशात हजारो माणसे मेली आणि हजारो घरे वाहून गेली. पुनर्बांधणीसाठी उत्तर अमेरिकेतून चर्चचे अनेक गट आले. होंडुरासमध्ये राहून काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्या घरांचा, त्यांत राहणाऱ्यांचा आणि ती बांधून परतलेल्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवासखर्च धरला तर परदेशी गटाने बांधलेले एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडले; स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेले घर सुमारे २,००० डॉलरला. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले असते आणि तेथील गवंड्यांच्या व बिगाऱ्यांच्या हाताला काम मिळाले असते. घर कोणी बांधले, यामुळे राहणाऱ्यांच्या जीवनात विशेष फरक पडल्याचेही आढळले नाही. सहलीने आपले आयुष्य बदलले असे सांगणाऱ्यांच्या पुढील देणग्यांतही तो बदल फारसा उमटला नव्हता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. सहल नसेल तर हे ३०,००० डॉलर जमणारच नाहीत. लोक पैसे देतात ते ओळखीच्या मुलाच्या प्रवासासाठी, अनोळखी गावाच्या गवंड्यासाठी नव्हे. शिवाय माणसांची भेट ही डॉलरमध्ये मोजण्याची वस्तू आहे काय? हा प्रश्न रास्त आहे. मात्र भेटीसाठी जायचे असेल, तर तिला भेटच म्हणावे, उपकाराचे नाव देऊ नये. इव्हान इलिच या कॅथलिक विचारवंताने एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांसमोर हीच गोष्ट कठोर शब्दांत मांडली होती. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

इलिच यांचे म्हणणे टोकाचे होते. भारताचा आणि महाराष्ट्राचा अनुभव त्याला थोडी मुरड घालतो. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वारला. मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या हेतूवरून या भूमीत पुढे मोठे वाद झाले आणि ते योग्यच होते. पण ज्यांच्यात काम करायचे त्यांची भाषा आधी शिकावी, एवढे तरी त्या पिढीला मान्य होते. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस शांतिवादी मूठभर सहकाऱ्यांसह आला आणि १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन गावे उभारण्याच्या कामात राबला. त्यानेच स्थापन केलेल्या संघटनेचे परदेशी तरुण पुढे आनंदवनाच्या आरंभीच्या काळात तेथे आले. त्यांनी भिंती बांधल्याच. पण कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी घ्यायला कचरणाऱ्या वरोऱ्याच्या लोकांची भीती, हे पाहुणे त्याच पंक्तीत जेवताना पाहून ओसरली, असे सांगितले जाते. पैसा जे करू शकत नाही ते तेथे उपस्थितीने केले. मात्र तेथे यजमान बाबा आमटे होते. काय बांधायचे आणि कोणाकडून, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी पाहुण्यांच्या हाती दिला नव्हता.

२००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे जिमी कार्टर यांच्या उपस्थितीत सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरांचे काम केले, तेव्हा प्रसिद्धीचा झोत अर्थातच प्रसिद्ध पाहुण्यांवर होता. परंतु ते काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या पद्धतीतला मोलाचा भाग निराळाच आहे. घर घेणाऱ्या कुटुंबाने स्वतः श्रम द्यायचे आणि कर्जाची फेड करायची, असा तिचा दंडक आहे. त्यामुळे पाहुणे गेल्यावरही ते कुटुंब घराचे मालक राहते. उपकाराचे ओझे त्याच्या उंबऱ्यावर उरत नाही.

तेव्हा गट येऊ नयेत असे म्हणण्याचे कारण नाही. कोणत्या अटींवर यावे, हे मात्र यजमानाने ठरवावे. काम आधी गावाने निवडावे आणि पाहुण्यांनी नंतर. विमानभाड्याच्या जोडीने स्थानिक गवंड्याची मजुरी आणि इमारतीची पुढील देखभाल अंदाजपत्रकात धरलेली असावी. जागेवर मुकादम गावचा असावा आणि पाहुण्यांनी त्याच्या हाताखाली बिगाऱ्याचे काम करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंदा येऊ नका असे यजमानाने कळविले तरी मदत थांबणार नाही, ही हमी आधी मिळावी. ती मिळाली नाही, तर नम्रपणे नकार देण्याचे धैर्य यजमानाने दाखविले पाहिजे. अतिथीला देव मानणाऱ्या समाजांना हे जड जाईल. परंतु नाही म्हणण्याची मुभा असलेल्या घरातच स्वागताला अर्थ असतो, आणि पाहुण्यांनी बांधलेली भिंत आपली म्हणावी असे त्याच घराला वाटते.