कुंडीखालची ताटली

पावसाळा ओसरला की महाराष्ट्रात पेटुनियाच्या पेरणीचे दिवस येतात. बी मोहरीहूनही कितीतरी बारीक. उजेडात ते चांगले रुजते, म्हणून मातीत न पुरता ओल्या, भुसभुशीत मातीवर नुसते भुरभुरतात. वरून पाणी ओतले तर ते वाहून जाते. त्यामुळे कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून खालून ओल देतात.

धोका या ताटलीतच आहे. बी रुजायला ७ ते १० दिवस लागतात. साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाच्या अंड्याचा डास व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. हाच डास डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो, आणि डेंग्यूचा जोरही याच दिवसांत असतो.

त्यासाठी फुलझाडे सोडायची गरज नाही. माती वरपर्यंत ओली झाली की ताटलीतले पाणी ओतून टाकावे. आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी, कारण अंडी कडेला चिकटतात आणि पाण्याविना कित्येक महिने तग धरतात. धूरफवारणीची मागणी करणाऱ्या सोसायट्यांनी आधी आपल्या गॅलऱ्या तपासाव्यात. धुराने उडणारे डास मरतात, ताटलीतल्या अळ्या मरत नाहीत.